राजवाड्याचा उजेड मोजायचा तर

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. वीजखात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण दिवे मोजायची खोड काही गेली नाही. आता वरून मोजतो, उपग्रहावरून. भाच्याला शिकवलं तेच इथे लिहितो.

नासाच्या अर्थडेटावर मोफत खातं उघडा आणि 'ब्लॅक मार्बल' या रात्रीच्या उजेडाच्या उपग्रह-नोंदींमधली व्हीएनपी४६ए२ ही रोजची फाइल घ्या. यात चांदण्याचा हिशोब आधीच वजा केलेला असतो. पृथ्वीचे दहा-दहा अंशांचे चौकोन पाडलेत, आपला एच२५व्ही०६. ग्वाल्हेर आणि बडोदाही त्यातच. शिंदे, होळकर, गायकवाड एका चौकोनात, इतिहासात फारसं जमलं नाही ते इथे जमलंय.

फाइल पायथन या संगणकभाषेच्या एचफाइव्हपाय लायब्ररीने उघडते. चौकोनाचा वायव्य कोपरा ३० उत्तर, ७० पूर्व. एका अंशात २४० पिक्सेल. राजवाडा २२.७१८ उत्तर, ७५.८५५ पूर्व. वजाबाकी करा, २४०ने गुणा: रांग १७४७, स्तंभ १४०५. एक पिक्सेल साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यात सराफा, म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार, मावतो. उपग्रह जातो रात्री दीडच्या सुमाराला, म्हणजे भुट्ट्याच्या किसाची कढई उतरायच्या बेतात असते तेव्हा.

तारखेला मी आपटलो. २०२३चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. रात्रीचा दीड म्हणजे १३ तारीख लागली, असं धरून वर्षातल्या ३१७व्या दिवसाची फाइल उतरवली आणि भलत्याच रात्रीचे आकडे घेऊन बसलो. फाइलींवर यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेची, तारीख असते. आपला दीड म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ. हवी होती ३१६.

दुसरा फसवा भाग ढगांचा. फाइलीत एक 'गॅप-फिल्ड' थर आहे. ढगाळ रात्री त्यात जुनाच आकडा भरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आलेख असा सपाट दिसतो की वाटावं, इंदूरचा एक दिवा हलला नाही! शेवटचं चांगलं निरीक्षण किती दिवसांपूर्वीचं, हे सांगणारा वेगळा थर असतो, तो आधी वाचा. गुणवत्तेचा आकडा ० किंवा १ नसेल ती रात्र सरळ टाकून द्या. पावसाळ्यात हाती फारसं काही राहत नाही, राहू द्या.

उरलेलं सोपं. स्क्रिप्ट क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीला लावा, रोज फाइल उतरवून एक ओळ सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) लिहू द्या. उपग्रह रोज वेगळ्या कोनातून बघतो आणि १६ दिवसांनी त्याच वाटेवर येतो, म्हणून एका रात्रीवर भरवसा नको. निदान तेवढ्या दिवसांचा मध्यक काढा.

भाच्याच्या वस्तीचा आकडा घसरला तेव्हा तो कागद घेऊन नगरसेवकाकडे निघाला होता. दारातच अडवला. तिथे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावलेत, आणि हा कॅमेरा साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरचाच उजेड बघतो. एलईडीचा निळा भाग त्याला दिसतच नाही.