उन्हाळ्यात पुण्याहून घाटातली बस सहल: या चुका टाळा

शाळांना सुट्ट्या लागल्या की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलींची पत्रकं फिरायला लागतात. ‘वाई, मेणवली, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, एका दिवसात!’ आपण ती वाचताना ठिकाणं मोजतो. जितकी ठिकाणं जास्त, तितके पैसे वसूल. उन्हाळ्यात मात्र पत्रकावरची ठिकाणं नाही, वेळा वाचाव्यात. कुठल्या जागी बस किती वाजता पोहोचणार, एवढं एक विचारलं तरी निम्मे घोळ पैसे भरण्याआधीच उघडे पडतात.

एका दिवसात सगळं

पुणे ते महाबळेश्वर सुमारे 120 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर कारने तीन तास धरा. पण सहलीची बस कोथरूडला माणसं घेते, मग स्वारगेटला, मग कात्रजला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ‘दोन मिनिटांत येतोय’ असतो. पुढे चाळीस माणसं एका दारातून उतरणार, चढणार, मग मोजणी, मग एक काका अजून चहाच्या टपरीवर. एका थांब्याला पंधरा-वीस मिनिटं अशीच जातात. सहा थांबे म्हणजे जवळजवळ दोन तास, आणि ते पत्रकात कुठेच धरलेले नसतात. त्यात मे महिन्यातला शनिवार-रविवार असला तर पसरणी घाटात रांग लागतेच. परिणाम असा, की प्रतापगडाच्या पायऱ्या भर दुपारी चढायच्या आणि पाचगणीचं टेबललँड बसच्या खिडकीतून बघायचं.

माझं विचाराल तर एकदिवसाच्या सहलीतून महाबळेश्वर आणि प्रतापगड सरळ काढून टाकावेत. पहाटे सहाला निघा. ऊन चढायच्या आत मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट बघा. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा तिथेच आहे. मग नाना फडणवीसांचा वाडा, वाईत ढोल्या गणपती, जेवण, थोडी पाठ टेकणं. टेबललँडवर चारनंतर जा. दिवस भरतो आणि कुणी भाजून निघत नाही. प्रतापगड हवाच असेल तर महाबळेश्वरला मुक्काम करा आणि सकाळी लवकर गड गाठा.

ऑगस्टचे फोटो, मे महिन्याची सहल

पत्रकावर ताम्हिणीचे धबधबे असतात, माळशेजचं धुकं असतं, लिंगमळा धो-धो कोसळत असतो. मे महिन्यात यातलं काही नसतं. डोंगर तपकिरी, धबधब्यांच्या जागी काळा कोरडा कातळ. कासचं पठार उन्हाळी सहलीत घालणाऱ्याला तर हात जोडावेत: फुलं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, त्याआधी तिथे जांभा दगड आणि वारा.

याचा अर्थ उन्हाळ्यात घाटात काही नसतं असा नाही. करवंदं, जांभळं असतात, भीमाशंकरच्या जंगलात नशीब असेल तर शेकरू दिसतो. मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे चमकतात. पण काजव्यांच्या सहलीला जाऊन बसचे दिवे लावून ठेवणं, मोबाइलचा टॉर्च मारणं म्हणजे सिनेमागृहात ट्यूबलाइट लावण्यासारखं. बस लांब उभी करा, दिवे बंद ठेवून पायी जा.

कोणत्या बाजूला बसायचं

वाईकडे जाताना बस दक्षिणेला तोंड करून धावते, म्हणजे सकाळचं ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला. ऊन पुन्हा डावीकडेच. एसी नसलेल्या बसमध्ये आजी-आजोबांना ड्रायव्हरच्या बाजूची सीट द्या. घाटातल्या वळणांवर ऊन इकडचं तिकडे होईल, पण हायवेवर ते एकाच बाजूला तापत राहतं. आणि एसी बस घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. चढावर इंजिन तापू नये म्हणून बरेच ड्रायव्हर एसी बंद करतात. तेव्हा त्यांच्याशी भांडण्यापेक्षा सरकणाऱ्या काचा आहेत का, हे आधी बघून ठेवा.

गाडी लागते त्यांच्यासाठी

मागची सीट नको. तिथे वळणाला झोका जास्त बसतो. पुढच्या किंवा मधल्या रांगेत बसून लांबवर रस्त्याकडे बघायचं. मोबाइलमध्ये डोकं घातलं की डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कान म्हणतात हलतोय, आणि पोट ढवळतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घाटाच्या पायथ्याशी नव्हे, निघण्याआधी. नाश्त्याला तर्रीदार मिसळ हाणून पसरणी चढणाऱ्यांना आलेपाकही वाचवू शकत नाही.

पाणी, जेवण, बाथरूम

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्यामुळे बऱ्याच बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकं धरून बसतात. टूरवाल्याला आधीच विचारा: बायकांसाठी ठीक जागा कुठे कुठे आहे, दोन थांब्यांमध्ये किती वेळ जाणार? उत्तर ‘बघू वाटेत’ असेल तर दुसरा टूरवाला शोधा.

घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकरने पाणी येतं. चाळीस जणांनी तिथल्या खानावळीत हातपाय धुण्याची अपेक्षा करू नये. पिण्याचे जार बसमध्येच ठेवावेत. पिठलं-भाकरीचा बेत असेल तर घाट लागायच्या आधी फोन करून ताटांचा आकडा कळवा. भाकरी एकेक करून थापली जाते. न सांगता बस दारात उभी केली तर शेवटच्या माणसाला ताट मिळेपर्यंत तास-दीड तास जातो आणि दोष त्या बिचाऱ्या मावशींना दिला जातो. रोख पैसेही जवळ ठेवा, घाटात रेंज गेली की यूपीआय अडकतं.

वळीव

मे महिन्यात दुपारनंतर ढग जमून विजा कडाडायला लागल्या की पठारावर किंवा पॉइंटच्या कठड्याशी थांबू नका, झाडाखालीही नको. बसमध्ये येऊन काचा लावा. वरून पत्रा असलेली बंद गाडी त्या वेळी सुरक्षित. पहिल्या सरीने रस्त्यावरचं तेल-माती निसरडी होते, तेव्हा ड्रायव्हरने अर्धा तास बस बाजूला घेतली तर घेऊ द्या. घरी फोन करून सांगा, जेवायला थांबू नका म्हणून.