कॅलिफोर्निया सिनेटची डेली फाइल कशी वाचायची

सॅक्रामेंटोत एखाद्या विधेयकावर सिनेटचं मतदान झाल्याची बातमी आपल्यापर्यंत येते, तोवर आपलं म्हणणं मांडायला फारशी जागा उरलेली नसते. बहुतेक निर्णय त्याआधीच झालेले असतात, आणि तेही उघडपणे. फक्त ते ज्या भाषेत लिहिलेले असतात ती वाचायची सवय नसते. ही भाषा असते ‘डेली फाइल’मध्ये, म्हणजे सिनेटच्या रोजच्या कामकाजाच्या यादीत. सिनेटच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. जोडीला ‘लेजइन्फो’ हे सरकारी संकेतस्थळ उघडून ठेवावं. तिथे विधेयकाचा क्रमांक टाकला की मसुदा, आजवरचा प्रवास, समितीचं विश्लेषण आणि प्रत्येक मतदान दिसतं. खातं उघडून विधेयकावर नजर ठेवली, तर हालचाल झाली की ईमेल येतो.

आधी अक्षरं ओळखून घ्या. एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेलं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीत, विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, मांडलेलं. एससीए म्हणजे राज्यघटनेतली दुरुस्ती. एससीआर, एसजेआर आणि एसआर हे ठराव. दिवाळीला राज्याची सुट्टी मानणारं एबी 268 हे असेंब्लीचं विधेयक होतं, तरी 2025 साली त्यालाही सिनेटमधून जावंच लागलं. आपल्या विधान परिषदेसारखं इथे नाही. विधान परिषद विधेयक लांबवू शकते, सिनेट ते कायमचं संपवू शकते.

बैठक एरवी सोमवारी आणि गुरुवारी भरते. हजेरी, प्रार्थना आणि ध्वजाप्रती निष्ठेची शपथ झाली की गव्हर्नरचे संदेश, असेंब्लीचे संदेश, समित्यांचे अहवाल आणि नव्या विधेयकांचं पहिलं वाचन होतं. ‘वाचन’ या शब्दाने फसू नका. मजकूर कुणी वाचत नाही. क्रमांक आणि शीर्षक नोंदलं जातं, आणि विधेयक पाच जणांच्या रूल्स कमिटीकडे जातं. ते कोणत्या विषय समितीकडे पाठवायचं हे ही कमिटी ठरवते. एरवी छापल्यापासून 30 दिवस विधेयकावर सुनावणी होत नाही. तयारीसाठी यापेक्षा निवांत वेळ पुढे मिळत नाही.

खरं काम समितीत असतं, म्हणून डेली फाइलमधलं समित्यांच्या सुनावण्यांचं पान सगळ्यात आधी उघडा. पहिल्या समितीच्या सुनावणीची सूचना फाइलमध्ये किमान 4 दिवस आधी द्यावी लागते, पुढच्या समितीसाठी 2 दिवस पुरतात. अडचण अशी की समितीच्या विश्लेषणात आपलं नाव यावं असं वाटत असेल, तर बहुतेक समित्यांना पत्र साधारण आठवडाभर आधी हवं असतं. म्हणजे सूचनेची वाट पाहत बसलं तर उशीर झालाच. समितीच्या पानावर मुदत दिलेली असते, ती आधीच टिपून ठेवा.

पत्र विधिमंडळाच्या पोझिशन लेटर पोर्टलवरून पाठवायचं. एक पान पुरतं. पहिल्याच ओळीत विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्या सदस्याचं नाव आणि तुमची भूमिका लिहा: पाठिंबा, विरोध, किंवा दुरुस्ती होईपर्यंत विरोध. त्याखाली मसुद्याची तारीख घाला. ही तारीख बरेच जण विसरतात, आणि तिथेच पत्र वाया जातं. जातीवरून होणाऱ्या भेदभावाबद्दलचं एसबी 403 घ्या. बे एरियातल्या मराठी घरांत 2023 साली त्यावर दोन्ही बाजूंनी कळकळीने बोललं गेलं. सिनेटर आयशा वहाब यांचं ते विधेयक सिनेटमध्ये होतं तेव्हा ‘जात’ हा वेगळा संरक्षित प्रकार होता. असेंब्लीत ते बदललं आणि जात ‘वंशपरंपरे’च्या व्याख्येखाली गेली. जुन्या मसुद्यावर लिहिलेलं पत्र त्यानंतर नव्या समितीपुढे कितीही वेळा पाठवलं, तरी ते कागदावर नसलेल्या कलमाशीच भांडत राहतं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर खोली नीट पाहा. बऱ्याच सुनावण्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, नसतात, शेजारच्या 1021 ओ स्ट्रीटवरच्या इमारतीत होतात. साधारणपणे प्रत्येक बाजूच्या दोन मुख्य साक्षीदारांना दोन-दोन मिनिटं मिळतात. बाकीच्यांनी रांगेत येऊन नाव, संस्था आणि पाठिंबा की विरोध एवढंच सांगायचं. चौथं वाक्य सुरू केलं की अध्यक्ष थांबवतात. तरी जाणं फुकट जात नाही, कारण विरोधाची नोंद झाली की विधेयकाचा सोपा मार्ग बंद होऊ शकतो.

तो सोपा मार्ग म्हणजे कन्सेंट कॅलेंडर. समितीत एकमत आहे, विरोध नोंदलेला नाही, अशी विधेयकं एका गठ्ठ्यात येतात आणि एकाच मतदानात, चर्चेविना मंजूर होतात. कोणत्याही एका सिनेटरने हरकत घेतली तर ते विधेयक गठ्ठ्यातून बाहेर निघून तिसऱ्या वाचनाच्या, म्हणजे सभागृहात चर्चा आणि मतदान होण्याच्या, यादीत जातं. तुमच्या सिनेटरच्या कार्यालयाला फोन करायचा तो अशा वेळी, आणि ‘हे कॅलेंडरवरून काढा’ असं नेमकं सांगायचं.

खर्चाचं विधेयक असेल तर मध्ये ॲप्रोप्रिएशन्स समिती, म्हणजे खर्च तपासणारी समिती, आहे. सिनेटमध्ये एखाद्या वर्षी जनरल फंडावर (राज्याच्या मुख्य निधीवर) 50,000 डॉलर किंवा कोणत्याही निधीवर 150,000 डॉलर बोजा पडणार असेल, तर विधेयक ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातं. मे आणि ऑगस्टमध्ये अशा विधेयकांचा निकाल भराभर वाचून दाखवतात. साक्ष नाही, चर्चा नाही. ‘हेल्ड’ ऐकू आलं की विधेयक तिथेच राहिलं. खर्च नगण्य असेल तर नियम 28.8 खाली ते सुनावणीशिवायच पुढे सरकतं. नोंदीत हा आकडा दिसला तर काहीतरी चुकलं असं समजू नका.

सभागृहातल्या यादीत गोंधळात पाडणारे तीन शेरे आहेत. ‘डू पास’ ही समितीची शिफारस असते, मंजुरी नाही. ‘पास अँड रिटेन’ ऐकून तर अनेकांना विधेयक मंजूर झालंसं वाटतं, पण अर्थ उलटा आहे: आज ते घेतलं नाही, यादीतली जागा मात्र राखून ठेवली. ‘इनॅक्टिव्ह फाइल’ म्हणजे मांडणाऱ्यानेच ते बाजूला ठेवलं आहे. तिथून ते सूचना देऊन परत आणता येतं, तेव्हा नजर हलवू नका.

मतदानात 40 पैकी 21 मतं लागतात, आणि ती एकूण सदस्यसंख्येतली. महाराष्ट्रात हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत मोजतात. इथे गैरहजर किंवा गप्प राहिलेला सदस्य परिणामात विरोधकच ठरतो. तातडीच्या आणि करवाढीच्या विधेयकांना 27 मतं हवीत. असेंब्लीत बटण दाबतात, सिनेटमध्ये अजून नावं पुकारली जातात. चित्रफीत पाहिलीत तर दिसेल: सचिव एकेक आडनाव घेतात, कुणी ‘आय’ म्हणतं, कुणी ‘नो’, आणि एखाद्या नावानंतर नुसती शांतता. आकडा कमी पडला तर मांडणारे ‘कॉल’ मागतात. मग मतदान उघडं ठेवून सदस्यांना शोधून आणलं जातं. म्हणून 19 मतं ऐकून निकाल कळवायची घाई करू नये.

असेंब्लीने एखाद्या एसबीत बदल केला तर ते ‘अनफिनिश्ड बिझनेस’ या मथळ्याखाली सिनेटमध्ये परत येतं. या टप्प्यावर फक्त बदलांना संमती द्यायची की नाही एवढाच प्रश्न असतो. एसबी 403 सिनेटमध्ये 34 विरुद्ध 1, असेंब्लीत 50 विरुद्ध 3, आणि या परतीच्या मतदानात 31 विरुद्ध 5 असं मंजूर झालं. मतं कुठे सरकली ते या तीन नोंदी शेजारी ठेवूनच कळतं. अंतिम मसुदा मतदानाआधी 72 तास छापील आणि ऑनलाइन असावा लागतो. मतदारांनी थेट मंजूर केलेल्या 2016 च्या प्रपोझिशन 54 ने ही सक्ती आणली. हे 72 तास फोन करण्यासाठी वापरा, कारण पत्र आता उशिरा पोचेल.

त्यानंतर चेंडू गव्हर्नरकडे. अधिवेशन चालू असताना सहीला 12 दिवस, वर्षअखेरीच्या गर्दीत सुमारे 30. इतक्या मतांनी गेलेलं एसबी 403 गव्हर्नर न्यूसम यांनी 7 ऑक्टोबर 2023 रोजी नाकारलं. सध्याच्या कायद्यात हा भेदभाव आधीच निषिद्ध आहे, हे त्यांचं कारण. गव्हर्नरच्या कार्यालयाला वेगळं पत्र लिहावं लागतं. समितीला दिलेलं पत्र आपोआप तिथे जाईल यावर विसंबू नका.

राहिल्या नेमणुका. गव्हर्नरने राज्याच्या मंडळांवर नेमलेल्या अनेकांना सिनेटची संमती लागते. सुनावणी रूल्स कमिटीपुढे होते, आणि काम सुरू केल्यापासून 365 दिवसांत संमती मिळाली नाही तर जागा रिकामी होते. इकडे फारसं कुणी लिहीत नाही, त्यामुळे माहितीनिशी लिहिलेल्या एका पत्राला इथे वजन असतं. उमेदवार ज्या मंडळावर आहे त्याच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा, त्याने कोणत्या ठरावावर कसं मत दिलं ते तारखेसह लिहा, आणि पत्र सुनावणीच्या आधी कमिटीच्या कार्यालयात पोचल्याची फोनवरून खात्री करून घ्या.