ज्वालामुखीखालच्या गरम पाण्यात बोअर मारायचा असेल तर

आपल्याकडे कसं, पाणाड्याने हातावर नारळ ठेवून जागा दाखवली, गाडी आली, नशीब असेल तर संध्याकाळी पाणी. ज्वालामुखीखालच्या गरम पाण्याच्या अभ्यासाला हे चालत नाही कारण तिथे पाण्याऐवजी थेट मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, लागू शकतो. आइसलँडमधे क्राफ्लाला २००९ साली तसंच झालं, जायचं होतं साडेचार किमी, २१०० मीटरच्या आसपास बिट (खडक फोडणारं टोक) अडकायला लागलं, आणि वर आलेल्या चुऱ्यात काच, म्हणजे झटकन थंड झालेला मॅग्मा, दिसली तेव्हा कळलं की आपण कुठे घुसलोय!

म्हणून सगळ्यात आधी चुरा, म्हणजे कटिंग्ज. दर काही मीटरला मूठभर घ्या, धुवा, पिशवीवर खोली लिहा आणि लगेच भिंगाखाली बघा. पिस्त्यासारखं हिरवट एपिडोट नावाचं खनिज दिसायला लागलं की तो खडक साधारण २४०-२५० डिग्रीला भाजलाय असं समजायचं, पण जरा थांबा, ते कधीचं आहे हे एपिडोट सांगत नाही, खालची गरम पाण्याची सिस्टिम नंतर थंड झाली असेल तरी ते तिथेच बसलेलं असतं.

केसिंगच्या, म्हणजे भोकात बसवलेल्या पोलादी पाइपच्या, बाहेरून भरायच्या सिमेंटमधे कंजूषी नको. सिमेंटमधे पाण्याचा कप्पा राहिला तर तापल्यावर ते पाणी फुगतं आणि चांगला जाड पाइपसुद्धा आत चेपतो. गॅस अलार्म तर लागतोच, सडक्या अंड्याच्या वासावर अवलंबून राहू नका, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो.

आता खरी गंमत. बिट वाचवायला आपण सतत थंड पाणी आत सोडतो, त्यामुळे ड्रिलिंग चालू असताना मोजलेलं तापमान म्हणजे बरंचसं आपणच ओतलेल्या पाण्याचं. त्यात भेगांमधून सगळं पाणी खालीच गायब झालं तर चुराही वर येत नाही, मग जमेल तिथे कोअर, म्हणजे खडकाचा अखंड गोल दांडा, काढायचा, दुसरा इलाज नाही. आइसलँडमधेच रेक्यानेसला हेच झालं, अडीच किमीची जुनी विहीर खोल करत जानेवारी २०१७ मधे ४६५९ मीटरपर्यंत नेली पण खालच्या भागात पाणी परत येतच नव्हतं, तिथला खडक कळला तो थोड्याफार कोअरवरूनच.

तर तापमान हवं असेल तर पाणी बंद करा आणि थांबा, पुन्हापुन्हा मोजा, आकडा चढायचा थांबेपर्यंत. रेक्यानेसला थोडेच दिवस थांबून मोजलं तर ४२७ डिग्री, आणि भोक अजून तापतच होतं.