रसायनशास्त्राच्या पदवीवर इंग्लंडमध्ये सॉलिसिटर कसं व्हायचं

आधी एक गोंधळ मिटवते, कारण माझ्या घरी तो अजून मिटलेला नाही. मी बॅरिस्टर नाही. आईने मात्र नातेवाइकांत तसंच सांगून ठेवलंय. तिचाही दोष नाही. आपल्याकडे तो शब्द नावाला चिकटला की सुटत नाही, बॅ. नाथ पै म्हटल्याशिवाय नाव पुरं वाटत नाही. इथे साधारणपणे कोर्टात उभं राहून युक्तिवाद करतो तो बॅरिस्टर. अशिलाचं काम हातात घेणं, कागदपत्रं करणं, वाटाघाटी करणं, अशिलाचे पैसे सांभाळणं हे सॉलिसिटरचं काम. दोघांचे रस्ते वेगळे आहेत. मी सांगतेय तो दुसरा रस्ता, आणि तोही फक्त इंग्लंड आणि वेल्सचा. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथली वाटही वेगळी.

मी २०२१ साली लीड्समध्ये रसायनशास्त्रात एमएस्सी केली. कायद्याचं पुस्तक तोवर उघडलेलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम बदलले आणि एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही नवी परीक्षा आली. आता चार गोष्टी लागतात: कुठल्याही विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता, एसक्यूईचे दोन टप्पे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी. पदवी कायद्याची हवी, असं कुठेही लिहिलेलं नाही. जुना एलपीसीचा (लीगल प्रॅक्टिस कोर्स) मार्ग आधीपासून त्या वाटेवर असलेल्यांसाठी २०३२ च्या अखेरीपर्यंत उघडा आहे, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याकडे बघू नये.

बहुतेक जण आधी परीक्षेचा क्लास लावतात. मी सांगेन उलट करा. आधी काम शोधा, मग परीक्षा. अभ्यास महिन्यांत होतो, दोन वर्षांचा अनुभव दोन वर्षांतच होतो. शिवाय फाइल हाताळलेल्या माणसाला पुस्तकातलं वाक्य वेगळं दिसतं.

याला एक अपवाद आहे. तुम्ही अजून विद्यापीठात असाल तर मोठ्या फर्मच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे पगारी शिकाऊ सॉलिसिटरच्या जागेला, अर्ज कराच, कारण त्या तुमचा कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम म्हणजे पीजीडीएल, एसक्यूईची फी आणि वर राहण्याखाण्यापुरती रक्कमही देतात. पण त्या साधारण दोन वर्षं आधी माणसं निवडतात. पदवी हातात पडल्यावर जागे झालो तर गाडी सुटलेली असते. व्हिसावर असाल तर हे गणित आधी कागदावर मांडा, शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत तेवढी थांबत नाही.

या अर्जांमध्ये बऱ्याच ठिकाणी वॉटसन-ग्लेझर नावाची तर्काची चाचणी असते, आणि विज्ञानवाले तिथे हमखास आपटतात. मी दोनदा आपटले. समजा उताऱ्यात एवढंच आहे: ‘एका कारखान्याने सांडपाणी नदीत सोडलं. पुढच्या महिन्यात मासे मेले.’ निष्कर्ष दिलाय: ‘सांडपाण्याने मासे मेले.’ माझ्या डोक्यात लगेच विरघळलेला प्राणवायू, आम्लता वगैरे सुरू झालं आणि मी ‘बहुधा खरं’ वर टिचकी मारली. उत्तर ‘माहिती अपुरी’. सांडपाण्यात काय होतं ते उताऱ्यात नाही, मासे कुठे मेले तेही नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं आणि मग प्रश्नात शिरायचं. हे कळल्यावर तिसऱ्या वेळी जमलं. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मात्र मिळालं नाही. चौदा अर्ज, चौदा नकार.

म्हणून मी कामाच्या अनुभवाचा नियम नीट वाचला. तो दिसतो त्यापेक्षा बराच उदार आहे. दोन वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागत नाहीत, चार संस्थांपर्यंत विभागता येतात. पॅरालीगलची, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालच्या कायदा सहायकाची, नोकरी चालते, विद्यापीठाचं मोफत कायदा सल्ला केंद्र चालतं, बिनपगारी स्वयंसेवाही चालते. काम प्रत्यक्ष कायदेविषयक सेवेचं हवं आणि ते तुम्ही केलंत अशी खात्री सॉलिसिटरने किंवा संस्थेच्या नियमपालन अधिकाऱ्याने द्यायला हवी. अर्धवेळ केलंत तर त्या प्रमाणात मोजलं जातं.

माझी सुरुवात एका सल्ला केंद्रात झाली, आठवड्यातून दोन दिवस. तिथे सगळ्यात जास्त काम पीआयपीच्या अर्जांचं. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजचं जगणं अवघड झालेल्यांना मिळणारा हा सरकारी भत्ता. अर्जात बारा क्रिया विचारतात, दहा घरातल्या, दोन हालचालीच्या. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते, हात संधिवाताने वाकडे झालेले. मी विचारलं, स्वयंपाक जमतो का? म्हणाले, जमतो की. मी ‘जमतो’ लिहायला लागले. शेजारी बसलेल्या सॉलिसिटरबाईंनी पेन माझ्या कागदावर आडवं ठेवलं आणि त्यांना विचारलं, “काल रात्री काय केलंत, पहिल्यापासून सांगा.” मग निघालं, की बटाटे सोलता येत नाहीत म्हणून डबाबंद सूप, डबा शेजारीण उघडून देते, आणि मागच्या महिन्यात पातेलं सुटून मनगट भाजलं होतं. कायदा नुसतं ‘जमतं का’ असं विचारत नाही. सुरक्षितपणे, बऱ्यापैकी, पुन्हापुन्हा आणि रास्त वेळेत जमतं का, असं विचारतो. अशिलाची मुलाखत घेणं हा एसक्यूईच्या दुसऱ्या टप्प्यातला एक भाग आहे. मी तो त्या टेबलावर शिकले, क्लासमध्ये नाही.

नंतर लेस्टरमधल्या एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून लागले. काम घरांच्या खरेदी-विक्रीचं, म्हणजे कन्व्हेयन्सिंग. लोक याला कारकुनी म्हणून नाकं मुरडतात. मुरडू द्या. एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यातल्या दुसऱ्या पेपरातला जमिनीचा कायदा आणि मालमत्ता व्यवहार तुमच्या टेबलावर रोज येऊन पडतो. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्याचे तीन भाग असतात: पहिला मिळकतीचा, दुसरा मालकीचा, तिसरा बोज्यांचा. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना असतो, तसाच तो तिसरा. नवखे मालकाचं नाव बघतात आणि तिसरा भाग चाळून सोडतात. एका फाइलमध्ये तिथे १९३४ च्या करारातली अट होती: या आवारात कोंबड्या पाळू नयेत आणि कुठलाही धंदा करू नये. कोंबड्यांवर ऑफिसात हसणं झालं. खरेदीदारीण बाईंना मात्र पुढच्या खोलीत पार्लर काढायचं होतं, असं त्यांनी पहिल्या फोनवर सहज सांगितलेलं माझ्या टिपणात होतं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

टिपणांवरून आठवलं. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी दहा मिनिटं डायरी लिहा. अशिलाचं नाव लिहायचं नाही, ते गोपनीय. तारीख, काय केलं, का केलं, कोणी तपासलं. उदाहरणार्थ: ‘बोज्यांच्या भागात निर्बंधाची अट सापडली, खरेदीदाराच्या हेतूशी विसंगत, विक्रेत्याच्या सॉलिसिटरला प्रश्नपत्र मसुदा केला, वरिष्ठांनी दोन दुरुस्त्या केल्या.’ ‘फाइल बघितली’ असं लिहिलंत तर वर्षभराने तुम्हालाच काही आठवणार नाही.

मी ही डायरी उशिरा सुरू केली आणि त्याची किंमत मोजली. माझं काम बघणारे सॉलिसिटर आठ महिन्यांनी दुसरीकडे गेले. सहीचं विचारायचं मला सुचलं नव्हतं आणि त्यांनाही. नवीन आलेल्यांनी सरळ सांगितलं, मी तुमचं काम पाहिलेलं नाही, सही कशी करू? बरोबरच होतं त्यांचं. शेवटी नियमपालन अधिकाऱ्यांना गाठलं, जुने ईमेल, फाइलवरचे शेरे, टाइमशीट असं सगळं काढून त्या आठ महिन्यांचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. त्याला अकरा आठवडे लागले. तेव्हा कामाला लागल्या दिवशीच विचारा, खात्री कोण देणार? आणि प्रत्येक ठिकाण सोडताना नोंद करूनच सोडा, सगळं शेवटी एकदम करू म्हणू नका.

आता परीक्षा. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येकी १८० प्रश्न, नव्वद-नव्वदच्या दोन भागांत. नव्वद प्रश्नांना १५३ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट बेचाळीस सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. पाच पर्यायांतले तीन लगेच गळतात, खरा त्रास उरलेल्या दोनांचा. मला परीक्षेत काय आलं ते सांगता येत नाही, तसं लिहून द्यावं लागतं. म्हणून घरी बनवलेला नमुना देते. एकाने माल विकायचा प्रस्ताव दिला. सोमवारी त्याने प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र टाकलं. मंगळवारी समोरच्याने स्वीकृतीचं पत्र टाकलं. बुधवारी पहिलं पत्र पोचलं, गुरुवारी दुसरं. करार झाला का? झाला, मंगळवारी. टपालाने स्वीकारणं योग्य असेल तिथे स्वीकृती पेटीत पडताच लागू होते, हे १८१८ च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेलपासून चालत आलंय. प्रस्ताव मागे घेणं मात्र पोचल्यावरच लागू होतं, हे १८८० च्या बर्न विरुद्ध व्हॅन टीनहोव्हनमध्ये ठरलं. एक पर्याय ‘गुरुवारी झाला’ असा असणार आणि थकलेल्या डोक्याला तोच पटणार. नियम पाठ असून भागत नाही, तारखा कागदावर ओळीने मांडायच्या. प्रयोगवहीची सवय इथे कामी आली.

दुसऱ्या टप्प्यात सोळा कामं, बारा लेखी, चार तोंडी. लेखी भारतातूनही देता येतं, तोंडीसाठी इंग्लंड-वेल्सलाच यावं लागतं. फी जड आहे. २०२१ साली दोन्ही टप्प्यांची मिळून ३,९८० पौंड होती, त्यानंतर चढतच गेली. क्लासचा खर्च वेगळा. प्रत्येक टप्प्याला तीन संधी मिळतात आणि पहिल्यांदा बसल्यापासून सहा वर्षांत सगळं संपवायचं असतं, त्यामुळे ‘बघू तरी जमतंय का’ म्हणून बसू नका.

मुलाखतीत ‘कायदाच का?’ हे विचारतातच. न्यायाची ओढ वगैरे सांगू नका, समोरच्यांनी ते सकाळपासून सहा वेळा ऐकलेलं असतं. मी कोंबड्यांची अट सांगायचे.

शेवटची पायरी चारित्र्याच्या तपासणीची. विद्यापीठात नक्कल पकडली गेली असेल, कर्ज थकलं असेल, तर आपणहून सांगा. लपवलेलं सापडलं तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणं महागात पडतं. माझं तसलं काही नव्हतं, पण अडले मी पत्त्यांवर. मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते महिन्यांसकट लागतात, आणि मी तेवढ्यात सहा खोल्या बदललेल्या. दोन खोल्यांच्या तारखा शेवटी ऑनलाइन मागवलेल्या प्रेशर कुकरच्या आणि गादीच्या पावत्यांवरून काढल्या. घर बदललंत की तारीख त्या शुक्रवारच्या डायरीतच टाका.