जुना ज्यूकबॉक्स घरी आणताना या चुका टाळा

जुना ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकून निवडलेली तबकडी वाजवणारे यंत्र, घेताना पहिली चूक होते ती त्याच्या रूपावर भाळण्याची. वुर्लिट्झर या अमेरिकी कंपनीचे १९४६ सालचे १०१५ हे मॉडेल आजही देखणे आहे, परंतु ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या २४ तबकड्याच वाजवते आणि त्यांचीही एकच बाजू. संग्रहात ४५ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, तर सीबर्ग या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या १९५० सालच्या एम१००बी या यंत्रापासून पुढची मॉडेल्स पाहावीत. त्यात ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू मिळून १०० निवडी मिळतात. मात्र अशा अमेरिकी यंत्रांना तबकडीच्या मध्यभागी सुमारे ३८ मिलिमीटरचे छिद्र लागते. लहान छिद्राची दुर्मीळ तबकडी त्यासाठी कापून घेणे मला मुळीच पटत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक विजेची आहे. अमेरिकेतील यंत्र ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेले असते, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा पुरवठा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले, असे विक्रेते सांगतात. पण ट्रान्सफॉर्मर केवळ व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारिता, बदलत नाही; आणि मोटारीचा वेग त्यावरच ठरतो. परिणामी तबकडी ४५ ऐवजी जवळजवळ ३७.५ फेऱ्यांनी फिरते, गाणे रेंगाळते आणि सूर इतका उतरतो की मूळचा षड्ज मंद्र सप्तकातल्या शुद्ध धैवतावर जाऊन बसतो. मोटारही अधिक तापते. बऱ्याच मॉडेल्समध्ये मोटारीच्या दांड्यावर ५० हर्ट्झसाठीची मोठ्या व्यासाची पुली किंवा बुश बसवून वेग सुधारता येतो; तो भाग मिळतो की नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करावी. युरोपीय बाजारासाठी ५० हर्ट्झवर बनवलेले यंत्र मिळाले, तर हा खटाटोप वाचतो.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट प्लगला लावून पाहू नये. ॲम्प्लिफायरमधील जुने कपॅसिटर निकामी झालेले असू शकतात आणि त्यामुळे ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिवाय व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्टचा भार राहू शकतो, म्हणून आतले काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे आणि दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवावी. गिअरमधले घट्ट झालेले ग्रीस न काढता वरून तेल सोडणेही चुकीचेच.

यंत्र हलवताना तबकड्या बाहेर काढून आतली यंत्रणा वाहतुकीच्या बोल्टांनी जखडावी, आणि नवी सुई बसवल्याखेरीज एकही चांगली तबकडी त्यात ठेवू नये.