कलावंतिणींचा इतिहास वाचायचाय? मग आधी पेन्सिल घ्या

मे महिन्यात निपाणीच्या बसमध्ये एक जाडजूड पुस्तक वाचत बसले होते, मुखपृष्ठावर घुंगरू आणि अर्धा झाकलेला चेहरा, शेजारच्या मावशींनी दोनदा वाकून बघितलं आणि हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाडी थांबल्यावर त्यांना राहवलं नाही. "काय वाचालीस गं ते?" म्हटलं, इतिहास. "असला बी इतिहास असतोय व्हय?"

असतोय की. फक्त तो तांदूळ निवडल्यासारखा वाचावा लागतो, कारण या विषयावरच्या पुस्तकांत खडे जरा जास्तच.

पहिलं काम म्हणजे पुस्तक मागून उघडायचं. टिपा आहेत का, कागद कुठला, दफ्तर कुठलं ते बघायचं. मागं काहीच नसलं तरी फेकू नका, वाचा, पण कादंबरी म्हणून वाचा. हे म्हणायचं कारण उमराव जान. किती जण छातीठोक सांगतात की लखनौला या नावाची तवायफ, म्हणजे नाचगाण्यावर जगणारी कलावंतीण, खरंच होऊन गेली, पण ती आपल्याला भेटते ती 1899 च्या एका उर्दू कादंबरीतून, आणि लेखकानं ती तिच्याच तोंडून सांगितल्यासारखी लिहिलीय म्हणून सगळे फसतात. पॅरिसची गणिका मारी द्युप्लेसी, तिचं उलटं झालं. ही बाई खरी होती, 1847 मध्ये 23 व्या वर्षी गेली, पुढच्याच वर्षी तिच्यावरून कादंबरी आली आणि मग लोकांनी कादंबरीतलीच बाई खरी धरली.

दुसरं, रूपाची वर्णनं आली की समासात फुली मारायची. मस्तानीनं पान खाल्लं की गळ्यातून लाल रस उतरताना दिसायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आज्जीकडून ऐकलीय. अशीच पाण्याची गोष्ट पद्मिनीबद्दल सांगतात! एकच गोष्ट दोघी-तिघींना चिकटली की समजायचं, ही त्या बाईची माहिती नव्हे, सांगणाऱ्यांची हौस. मस्तानीचंच बघा, एक पुस्तक म्हणतं छत्रसालाची मुलगी, दुसरं म्हणतं कंचनी, म्हणजे नाचणारी. अशा वेळी मी वहीत दोन रकाने करते, काय म्हटलंय आणि कोण म्हणतंय. दुसऱ्या रकान्यात पेशव्यांच्या घरातला विरोधक निघाला तर कंचनी शब्दाचं वजन आपोआप कमी होतं. पण तिला पाबळ इनाम मिळालं होतं, तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतावर लढला आणि 1761 ला तिथल्या जखमांनी गेला, हे तिच्या गळ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

म्हणून तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, पैशाचा माग काढा. घर कुणाच्या नावावर, जमीन कुणाची, कर कोण भरत होतं. लखनौच्या जुन्या कराच्या वह्यांत, 1858 नंतरच्या, तवायफा सगळ्यात वरच्या गटात सापडतात, आणि 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी ज्यांची मालमत्ता जप्त केली त्या याद्यांतही त्यांची नावं आहेत. हे वाचलं की 'बिचारी' हा शब्द जिभेवर अडतो. हैदराबादच्या माहलका बाई चंदाचं तसंच, शायर होती, जहागीर होती, आईसाठी मौला अलीच्या टेकडीपाशी तिनं मकबरा बांधला. पुस्तकात अशा बाईवर दोन ओळी आणि तिच्या आशिकावर दहा पानं असली तर पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते कळतंय.

गाणाऱ्या गौहर जानचं प्रकरण जरा सावकाश वाचा, कारण तिचा स्वतःचा आवाज उरलाय. 1902 ला कलकत्त्यात तिचं गाणं तबकडीवर घेतलं, आणि गाणं संपता संपता ती ठसक्यात इंग्रजीत म्हणते, "माय नेम इज गौहर जान." लोकांना तो नखरा वाटतो. पण तबकड्या जर्मनीला तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून नाव सांगायला लागायचं! मांजरीच्या पार्टीवर 20000 रुपये उडवले ही गोष्ट मात्र प्रत्येक पुस्तकात अगदी रंगवून येते. शेवटी ती म्हैसूर दरबारी आली आणि 1930 ला तिथंच गेली, ते बहुतेक जण एका परिच्छेदात उरकतात.

आता शब्दांचं. गणिका, नायकीण, कलावंतीण, तवायफ, देवदासी हे एकाच पोत्यात भरणारं पुस्तक दिसलं की सावध व्हा. आपल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या पोरींचं जगणं, ज्यासाठी कर्नाटकाला 1982 मध्ये कायदा करावा लागला, ते आणि लखनौच्या कोठ्याचं अत्तर एका प्रकरणात बसत नाही. या बायका आजही आपल्याच गावांत म्हाताऱ्या होऊन पेन्शनसाठी खेटे घालतायत, त्यांच्यावर शेरोशायरी लिहिणाऱ्याचा मला रागच येतो.

आणि आपल्याला सीमाभागातल्यांना कन्नड येतंय याचा फायदा घ्या की. बसस्टँडवर भांडण लागलं की जी शिवी पहिली ऐकू येते त्यातला 'सूळे', म्हणजे वेश्या, हा शब्द बदामीजवळच्या महाकूटला, देवळाच्या खांबावर, आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखात आहे. चालुक्य राजा विजयादित्याची 'प्राणवल्लभे' विनापोटी. तिच्यासाठी हा शब्द कोरलाय, आणि नावाला आदराचं 'गळ्' लावून. बापाचं नाव नाहीच, आजी, आई आणि मग ती. देवाला माणकांचं पीठ दिलं, चांदीचं छत्र दिलं, जमीन दिली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खांब कुठला ते आधी बघून गेले नव्हते, तळ्यात पोरं पोहत होती ती बघत बसले आणि तशीच परत आले. तुम्ही लेखाचं वाचन मोबाईलवर काढून घेऊन जा, आणि सकाळी जा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात.