‘कमी झोपेची सवय झाली’ असं वाटू लागलं की जपा

हॉस्पिटलमधली सलग चौथी नाईट (रात्रपाळी) संपवून मी दुचाकीवर घरी निघाले होते. लाल सिग्नलला थांबले एवढं आठवतं, त्यानंतर एकदम मागच्या गाडीचा हॉर्न. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. मधले काही क्षण माझ्या आठवणीत नाहीतच. गाडी उभी होती, म्हणून निभावलं. याला मायक्रोस्लीप म्हणतात. मेंदू काही सेकंद झोपतो, कधी डोळे उघडे असतानाही, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात चार सेकंद म्हणजे जवळजवळ 67 मीटर. तेवढं अंतर गाडी चालवायला कुणीच नसतं.

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, हे नव्याने ड्यूटीला लागलेल्या तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मलाही होतं. मी अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. पहिला आठवडा हाल झाले, दुसऱ्या आठवड्यात पेंग कमी वाटायला लागली आणि मी ठरवून टाकलं की शरीराने जुळवून घेतलं, मला साडेपाच-सहा तास पुरतात. इथेच फसले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग 14 दिवस रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलं होतं. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आली. ‘झोप येतेय का’ या प्रश्नाला मात्र त्यांची उत्तरं सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. म्हणजे झोपेची जाणीव एका जागी थांबते, नुकसान वाढतच राहतं. हे पुन्हा सांगते, कारण मला कुणी दोनदा सांगितलं नव्हतं: आपण ठीक आहोत की नाही हे ज्या मेंदूला विचारायचं, तोच थकलेला असतो. त्याच्या ‘मी बरा आहे’वर विश्वास ठेवू नका.

म्हणून मी आता मनाला विचारत नाही, खुणा बघते. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचावी लागली. हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगताना, वाक्य अर्ध्यावर तुटलं. औषध दिल्याची सही केली, तरी दिलं की नाही याची खात्री वाटेना. घरी गॅस बंद केला का, हे बघायला परत वळले. एका दिवसात यातल्या दोन दिसल्या की त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि डोस मोजताना दुसऱ्या कुणाला तरी शेजारी उभं करायचं. मागायला लाज वाटते, मला अजूनही वाटते. तरी मागा.

अभ्यासाचं तर याहून वाईट झालं. परीक्षेआधी मी नाईटनंतर तशीच पुस्तक घेऊन बसायचे. पानंच्या पानं रंगवलेली असायची, पण ती मीच रंगवली हेसुद्धा दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. नवी माहिती आधी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी टिपणाऱ्या भागात, उतरते. जागरण झालं की ती तिथे नीट उतरतच नाही. जे उतरतं ते पक्कं होण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत होतं. म्हणजे आधी झोप बुडाली तरी तोटा, नंतर बुडाली तरी तोटा. हा अभ्यास मागाहून रविवारी झोपून भरून निघत नाही. एक धडा कमी वाचा, पण झोपा.

‘आम्ही 36-36 तास उभे राहायचो’ असं अभिमानाने सांगणारे सीनियर तुम्हाला भेटतील. कामातल्या बाकी सगळ्या गोष्टी त्यांच्याकडून शिका, ही शिकू नका. माझा राग आहे या फुशारकीवर. 2004 च्या एका अभ्यासात 24 तासांहून लांब शिफ्ट करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून अतिदक्षता विभागात, शिफ्ट छोट्या केल्या त्या काळापेक्षा, 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. तीही हुशार, मेहनती मुलंच होती. 24 तास जागं राहिलं की हाताची आणि नजरेची अचूकता रक्तात 0.10 टक्के दारू असल्यासारखी होते, हे 1997 पासून माहीत आहे. प्यालेल्या माणसाच्या हातात आपण सिरिंज देऊ का?

कॉफीच्या भरवशावरही राहू नका. ती झोपेची गरज भागवत नाही, झोपेचा निरोप देणाऱ्या अॅडेनोसिन या मेंदूतल्या रसायनाची वाट अडवते. शिवाय तिचा निम्मा अंश साधारण पाच तास अंगात राहतो. पहाटे चारला प्यालात तर सकाळी नऊला अंथरुणावर नुसते तळमळत पडाल.

घाबरून जाऊ नका. दोन-तीन रात्री पुरेशी झोप मिळाली तेव्हा माझं डोकं बरंच ताळ्यावर आलं, तुमचंही येईल. पहिल्या नाईटच्या आधी दुपारी दीड तास झोपा. रात्री कामात मधे सवड मिळाली तर 20 मिनिटांची डुलकी घ्या, पण उठल्याबरोबर इंजेक्शन भरायला जाऊ नका. डोकं पूर्ण जागं व्हायला अर्धा तासही लागू शकतो. सगळ्यात जपायचं ते पहाटे तीन ते पाचला, आणि मग घरी जाताना. सलग नाईट असल्या की मी गाडी घेऊनच जात नाही. बसमध्ये डोळा लागतो, कधीकधी स्टॉप पुढे जातो, मग तेवढं चालत परत येते.